येताना वर्दी देऊन या : कमी दाबाच्या क्षेत्रास अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. कमी दाबाचे क्षेत्र,
मुक्काम पोस्ट बंगालचा उपसागर
(हल्ली मुक्काम अनिश्चित)

सा. न. वि. वि.

पत्राच्या मायन्यात तुमचं नाव घालायचं होतं, पण तुम्हाला नावच नाही. नाव मिळायला पात्रता लागते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खातं चक्रीवादळ जाहीर करतं आणि मग बारसं होतं. त्यासाठी तेरा देशांनी मिळून २०२० साली १६९ नावांची यादी तयार करून ठेवली आहे. तुमचा वारा मात्र ताशी ३१ किलोमीटरच्या आतला. आमच्याकडं नरसीच्या बाजाराला लुनावर जाणारे आजोबा याहून जोरात जातात. ३१ ओलांडले की तुम्ही डिप्रेशन, पन्नाशी गाठली की डीप डिप्रेशन, एवढीच तुमची बढती. किनाऱ्यावर पत्रे उडवणाऱ्याला नाव, छायाचित्र, मुलाखतकार सगळं मिळतं. सातशे किलोमीटर आत येऊन काळ्या रानात गुडघाभर पाणी उभं करणारे तुम्ही मात्र निनावी. फिर्याद द्यायची तर कुणाच्या नावानं द्यायची? पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहून मोकळे होतात. तुमची अब्रू अशी दरवर्षी सरकारी खर्चानं झाकली जाते, याबद्दल प्रथम अभिनंदन.

आता माझी ओळख. मी नायगावचा. लोकलनं जाणाऱ्यांनी वसईजवळचं नायगाव समजू नये, सातारकरांनी सावित्रीबाईंचं समजू नये. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं, देगलूरवरून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं. पुढं नरसीचा चौक, तिथून एक वाट मुखेडला, एक बिलोलीला, पलीकडं तेलंगण. सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद हा आमचा संसार. तुम्ही आमच्या गावी किती वेळा येऊन गेलात याचा तुम्हाला पत्ताही नसेल. आम्हाला आहे.

आधी तुमची कर्तबगारी मोजू. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टापास्कल. पावसाळ्यात तुमच्या पोटातला दाब आसपासच्या हवेपेक्षा जेमतेम चार-सहा हेक्टापास्कलनं उतरलेला असतो. आठ-नऊ मीटर चढलं की एक हेक्टापास्कल दाब तसाही कमी होतो. म्हणजे मुखेड-कंधारकडची एखादी पन्नास मीटरची टेकडी चढून गेलं की तुमच्या सगळ्या पराक्रमाइतका दाब पायाखाली राहतो. चढणाऱ्याला थोडी धाप लागते, बाकी काही होत नाही. तुम्ही हाच किरकोळ फरक पाचशे-हजार किलोमीटरच्या घेरात पसरवता, आणि चार जिल्ह्यांना घाम फोडता.

तुमची कामाची पद्धत आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. भाद्रपदातलं उपसागराचं पाणी कोमट, त्यावरची हवा दमट आणि हलकी. ती वर निघाली की खालची जागा भरायला जास्त दाबाकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ येत नाही, उत्तर गोलार्धात उजवीकडं ढळतो आणि तुमच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं गरगरत आत शिरतो. आत आलेल्या वाऱ्याला जायला जागा एकच, वर. वर गेला की गार, गार झाला की वाफेचं पाणी, आणि पाणी होताना वाफेतली उष्णता बाहेर पडते. ती पुन्हा तुमच्याच अंगी लागते. म्हणजे दुसऱ्यानं आणलेल्या वाफेवर तुम्ही पोसले जाता, आणि जितका पाऊस पाडता तितके धष्टपुष्ट होता. देऊन वाढणारा असा दाता आम्ही दुसरा पाहिला नाही. त्यातही कधी कधी तुम्ही मूळचे इथलेही नसता. प्रशांत महासागरातलं एखादं वादळ व्हिएतनाम, थायलंड, म्यानमार ओलांडून विरत विरत उपसागरात पोचतं, तिथं दम खातं आणि नव्यानं धंदा सुरू करतं.

तुमच्या बाबतीत आमची दिशाभूल झाली, ही पहिली तक्रार. पुस्तकात आम्ही शिकलो की पाऊस नैऋत्येकडून येतो. म्हणून आम्ही पिढ्यानपिढ्या पश्चिमेकडं तोंड करून बसलो. अरबी समुद्र आम्हाला जवळही आहे, सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण मधे सह्याद्री उभा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि जून ते सप्टेंबर अख्ख्या मराठवाड्याच्या वाट्याला साडेसहाशेच्या आसपास. घाट उतरून आमच्यापर्यंत जो येतो तो बहुतेक नुसता वारा. त्याला थांबवून, वर चढवून, त्याच्याकडून पाणी काढून घ्यायला कुणीतरी लागतं. ते तुम्ही. तुम्ही पूर्वेला उभे राहता आणि पश्चिमेचा वारा ओढता. पाणी दोन्ही समुद्रांचं, बोलावणं तुमचं.

हे ठाऊक नसल्यानं आमचे हाल कसे होतात ते २०२५ च्या उन्हाळ्यात बघायचं होतं. मान्सून २४ मे रोजी केरळात आला, २६ मे रोजी मुंबईत. टीव्हीवर दिवसभर तुंबलेले रस्ते आणि छत्र्या. मुंबईत पाणी तुंबलं की आमच्याकडं बियाण्याच्या दुकानापुढं गर्दी होते, हा जुना रिवाज. मग त्याच मान्सूननं वाटेत बैठक मारली आणि जूनच्या मध्यापर्यंत हालला नाही. कृषी खातं घसा कोरडा करून सांगत होतं की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. पण शेजाऱ्याच्या वावरात तिफण दिसली की धीर कुणाला? पाऊस आला हे मुंबईवरून ठरतं, आणि दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून होतो. तुम्ही तेव्हा उपसागरात होतात का, असं कुणी विचारलंही नाही.

दुसरी तक्रार तुमच्या वाटेची. जून ते सप्टेंबरात तुमचे सरासरी तेरा-चौदा अवतार होतात. त्यातले बरेच ओडिशातून झारखंड-मध्य प्रदेशाकडं निघून जातात. त्यांची आम्हाला फक्त बातमी लागते. काहींची वाट मात्र खाली सरकते : दक्षिण ओडिशा, बस्तर, गडचिरोली, तेलंगण. आणि इथं तुमच्या अंगातली एक खोड आड येते. पावसाळी डिप्रेशनचा सगळ्यात जबर पाऊस मध्यभागी पडत नाही, नैऋत्य कोपऱ्यात पडतो. अरबी समुद्राकडून आलेला दमट वारा तुमच्या गरगरत्या वाऱ्याला तिथंच भिडतो. तुम्ही छत्तीसगडात, गडचिरोलीच्या डोक्यावर आलात की नकाशावर तुमचा नैऋत्य कोपरा शोधावा. तिथं तेलंगणाचा उत्तर भाग आणि नांदेड-लातूर सापडतं. तुम्ही शंभर-दीडशे किलोमीटर वरून गेलात तर आमच्या मुगाच्या शेंगा वाळतात, तेवढेच खालून गेलात तर त्याच शेंगांना कोंब फुटतात. आमच्या वर्षाचा जमाखर्च तुमच्या एवढ्याशा वळणावर ठरतो, आणि तुम्ही वळण घेताना हात दाखवत नाही.

पुरावे देतो. २०२१ च्या सप्टेंबरात तुम्हाला एकदाचं नाव मिळालं होतं. गुलाब. पाकिस्तानानं सुचवलेलं. २६ तारखेच्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडलात, तेलंगणात जोर ओसरला, आणि आमच्या हद्दीत पाय ठेवला तेव्हा वादळाचा दर्जा उतरलेला होता. कागदावर तुम्ही फक्त एक विरत चाललेली यंत्रणा होतात. त्या विरत चाललेल्या यंत्रणेनं २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे अठरा दरवाजे उघडायला लावले. लातूर, धाराशिव, बीडमध्ये माणसं झाडांवर, घरांच्या छतांवर अडकली, हेलिकॉप्टर उतरवावं लागलं. एवढं उरकून तुम्ही गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरलात, अंग धुतलंत आणि शाहीन या नव्या नावानं ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन धडकलात. ते नाव कतारचं. एका फेरीत दोन देशांचे पासपोर्ट, आणि मधल्या मुक्कामाची नोंद कुठल्याच पासपोर्टवर नाही. तो मधला मुक्काम आमचा मराठवाडा.

तीन वर्षांनी पुन्हा तेच दार. ३१ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री डिप्रेशन म्हणून कलिंगपट्टणमजवळ आत आलात. या वेळी वादळही झाला नाहीत, म्हणून नावही नाही. बुडमेरूचं पाणी विजयवाड्यात शिरलं, खम्मममध्ये मुन्नेरू फुगली, आणि १ व २ सप्टेंबरला नांदेड, हिंगोली, परभणीवर झड तुटून पडली. २ सप्टेंबरला पोळा होता. आदल्या दिवशी खांदमळणी. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, दुसऱ्या दिवशी त्याला ओढ्यावर नेऊन धुवायचं, ही आमची रीत. त्या साली बैलाला कुठं न्यायची गरज पडली नाही. ओढाच आखाड्यावर आला. तुमचा मानपानाचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे.

मुखेडबद्दल मात्र मला चेष्टा सुचत नाही. २०२५ च्या ऑगस्टात, १७ तारखेच्या रात्री, लेंडी धरणाच्या पाणलोटात एका दिवसात २०६ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यात गेली. हसनाळात माणसं गेली, जनावरं दाव्यालाच गेली, लष्कराला यावं लागलं. यावर तुमचा बचाव तयार असेल : घटनेच्या वेळी आपण घटनास्थळी नव्हतो. खरंच आहे. तुमचा तो अवतार तेव्हा ओडिशाच्या किनाऱ्याबाहेर जमत होता. १९ ऑगस्टला तो गोपाळपूरजवळ जमिनीवर आला. पण तुमच्या धंद्यात हजर राहावं लागत नाही, हेच तर म्हणणं आहे. तुम्ही उपसागरात नुसते बसता आणि पश्चिमेच्या वाऱ्याला हजार किलोमीटरवरून जोर चढतो. दमट वारे जिथं एकमेकांत घुसतात तिथं ढग डोंगराएवढे वाढतात आणि एका पाणलोटावर रिकामे होतात. मुखेडला आभाळ फाटलं त्या सुमारास मुंबईही पावसानं बेजार होती. एवढ्या लांब बसून दोन टोकांना दोन गुन्हे, आणि दोन्हीकडं आरोपी गैरहजर.

तुमचा जोडीदारही धुतल्या तांदळाचा नाही. जास्त दाब. तो वाईट दिसत नाही, कारण त्याच्या राज्यात आभाळ निळं असतं. तुमच्याकडं हवा वर चढते, त्याच्याकडं वरून खाली बसते. खाली येताना दबते आणि तापते, दर शंभर मीटरला जवळपास एक अंश. तापलेल्या हवेत ढगाचा थेंब टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये तो डोक्यावर येऊन बसला की नांदेडचा पारा चाळिशीच्या पुढं जाऊन तिथंच राहतो. हिवाळ्यात तोच सैबेरियापासून बस्तान मांडतो, रात्री आभाळ मोकळं ठेवून जमिनीची ऊब उडवून नेतो. तेव्हा हरभऱ्याला बरं वाटतं, म्हणून त्याचे थोडे आभार. पण त्याचा उपसागरावरचा भाऊबंद फेब्रुवारी-मार्चात पूर्वेकडून दमट वारा आत ढकलतो, उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताची थंड हवा उतरते, आणि दोघांच्या भांडणात गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. उभा गहू-हरभरा आडवा झाला, मोसंबी-द्राक्षांच्या बागा झोडपून निघाल्या, रानात पाखरं मरून पडली.

आणि तुम्ही आला नाहीत तर? त्याचाही हिशेब आहे. २०२३ चा ऑगस्ट. देशात या महिन्यात सरासरी २५५ मिलिमीटर पडायचा, तो १६३ वर थांबला. १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. प्रशांत महासागरात एल निनो जागा झालेला, मान्सूनचा कमी दाबाचा आस उचलून हिमालयाच्या पायथ्याशी गेलेला. हिमाचलात डोंगर खाली येत होते आणि आमच्याकडं फुलात आलेलं सोयाबीन दुपारी माना टाकत होतं. तुम्ही त्या महिन्यात रजेवर. रजेचा अर्ज कुठं दिलात कोण जाणे. त्याआधी २०१६. सलग दुष्काळांनी लातूर इतकं कोरडं पडलं की १२ एप्रिलला मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याची रेल्वे बघायला माणसं फलाटावर जमली. त्याच साली सप्टेंबर संपता संपता तुमची मर्जी फिरली आणि मांजरा धरण भरून वाहिलं. एप्रिलमध्ये टँकरपुढं घागरींची रांग, ऑक्टोबरमध्ये पुरात वाहून गेलेल्या पुलाची पाहणी. एका वर्षात दोन्ही खात्यांना काम दिलंत.

तुमचा सगळ्यात आवडता मुहूर्त म्हणजे सोयाबीनची काढणी. दसऱ्याच्या आधी मळणीयंत्रवाला दोन दिवसांनी येतो म्हणतो, तोवर कापलेलं सोयाबीन गंजी लावून ताडपत्रीखाली ठेवायचं. तुम्ही नेमके त्या दोन दिवसांत येता. झड थांबल्यावर ताडपत्रीचा कोपरा उचलला की आधी वाफेचा झोत तोंडावर येतो, आंबूस, ओल्या गोणपाटाच्या वासाचा. हात आत घातला तर गंजी गरम. शेंग दाबली की पिवळ्या दाण्याच्या पोटातून पांढरा कोंब डोकावतो, काहींचा नखाएवढा, काहींचा बोटाच्या पेराएवढा. वरचा थर काळा पडलेला. बाजारात असा माल ओतला की व्यापारी मूठ भरून घेतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि भाव बोलायच्या आधीच चेहरा करतो. कापसाचं वेगळं नाही. खालची बोंडं झाडावरच सडतात, आणि फुटलेला कापूस चिखलात लोंबतो. काळ्या मातीत वाफसा यायला पुढं आठवडा जातो, आणि हरभऱ्याची पेरणी तेवढी मागं पडते.

मग भरपाईचा कार्यक्रम. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. आमच्या तालुक्यात नायगाव, नरसी, मांजरम, बरबडा, कुंटूर अशी नावं. तुमचा ढग बरबड्यावर रिता होतो आणि मांजरमला नुसता शिडकावा देऊन जातो. मधल्या शिवारात किती पडला हे पर्जन्यमापक जिथं उभं आहे तिथल्या भांड्यावर ठरतं. ६४ पडला तर तुम्ही निर्दोष. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का बघतात. आपत्तीच्या केंद्रीय निकषात जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, काढणी यांचा हिशेब कुणी मांडला तर तो माणूस तुमच्याहून कमी दाबाचा होतो.

अडवलेल्या पाण्यातही तुमची गंमत असते. गोदावरीवर धर्माबाद तालुक्यात आम्ही बाभळीचा बंधारा बांधला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. तुमचा हंगाम नेमका तोच. तुम्ही ओतता, पाणी उघड्या दारातून तेलंगणात पोचंपाडच्या धरणात जातं. आणि पोचंपाड भरलेलं असताना तुम्ही दोन्ही राज्यांवर एकदम आलात, तर पाणी खाली उतरत नाही, मागं दाटतं आणि बिलोली-धर्माबादच्या रानात पसरतं. थोडक्यात, हवं तेव्हा आमच्या दारातून निघून जातं, नको तेव्हा आमच्या रानात मुक्काम करतं. दरवाजे बंद होतात तोवर तुम्ही परतीच्या वाटेला लागलेले असता.

तुमच्यावर पाळत नाही असं मात्र समजू नका. १८६४ साली वादळानं कोलकाता उद्ध्वस्त केलं, मागोमाग दुष्काळ पडले, तेव्हा १८७५ मध्ये तुमच्यासाठी स्वतंत्र खातं उघडावं लागलं. हवामान खात्याला २०२५ साली दीडशे वर्षं पुरी झाली. आमच्या जुन्या सरकारनंही तुमची दखल घेतली होती. आम्ही निजामाच्या राज्यात असताना, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीनं हैदराबादेत हजारो माणसं नेली. निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि पुढं नदीला वेसण घालणारे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. मला त्यातली एकच गोष्ट आवडते : त्यांनी पावसाला शिव्या घालत बसण्यापेक्षा पाणी कुठून कुठं जातं ते मोजलं.

आम्ही अजून तिथवर आलो नाही. नरसीच्या चौकात चहाच्या टपरीवर तीन प्रकारचे अंदाज मिळतात. म्हातारे पंचांग उघडून उत्तरा नक्षत्राचं वाहन म्हैस की कोल्हा ते बघतात. मधल्या वयाचे यूट्यूबवरच्या हवामान-गुरूंचं ऐकतात, जे रोज 'या जिल्ह्यांनी सावध राहा' म्हणत छत्तीस जिल्ह्यांची नावं वाचतात आणि म्हणून कधीच चुकत नाहीत. पोरं मोबाइलवर विंडी उघडून रंगीत भोवरा दाखवतात. हवामान खात्याचं बुलेटिन मात्र कुणी वाचत नाही, कारण त्यात रंगही कमी आणि शपथाही कमी. त्यात लिहिलेलं असतं की उपसागरात अमुक ठिकाणी कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आहे, ते पश्चिम-वायव्येला सरकेल, अमुक दिवशी अमुक किनाऱ्याजवळ येईल. म्हणजे तुमचं वेळापत्रकच छापलेलं असतं, आणि आम्ही ते सोडून कोल्ह्यावर विश्वास ठेवतो.

तेव्हा हे पत्र तक्रारीपेक्षा नोटीस समजा. तुमच्या सवयी आम्हाला कळल्या आहेत. २०२१ ला कलिंगपट्टणम, २०२४ ला कलिंगपट्टणम, २०२५ च्या ऑगस्टात आणि सप्टेंबरअखेरीस गोपाळपूर. दारं ठरलेली. त्या दारातून आत आलात की आमच्यापर्यंत पोचायला तुम्हाला दीड-दोन दिवस लागतात. गुलाब २६ ला किनाऱ्यावर, २८ ला मांजऱ्याचे दरवाजे वर. दीड-दोन दिवस हा वेळ थोडा नाही. तेवढ्यात मळणीयंत्रवाल्याला जास्तीचे पैसे देऊन आजच्या आज बोलावता येतं, गंजी उंचवट्यावर हलवता येते, सरीतलं पाणी काढायला चर मोकळा करता येतो, ओढ्याकाठची जनावरं वर आणता येतात. धरणावर बसलेल्यांनाही दरवाजे थोडे आधी उचलता येतात, म्हणजे मध्यरात्री भोंगा वाजवून खालच्या गावांना उठवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. १८५७ साली बाईज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं तुम्हाला हुडकायची फुकटातली युक्ती जगजाहीर केली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, की कमी दाब डाव्या हाताला. यंत्र लागत नाही, नेटवर्क लागत नाही. वळवाच्या धुळीत हा हिशेब चुकतो, पण झडीच्या लागून राहिलेल्या वाऱ्यात बरोबर बसतो. पाठीवर वायव्येचा वारा लागत असेल तर डावा हात ईशान्येला, गडचिरोलीकडं जातो : तुम्ही यायचे आहात, गंजी झाका. वारा पश्चिमेचा झाला तर हात हदगाव-किनवटकडं, तुम्ही डोक्यावरून उत्तरेनं चालला आहात. वारा नैऋत्येचा झाला, हात वायव्येला गेला, की तुम्ही पुढं सरकलात. तेव्हा वाफशाची वाट बघायला हरकत नाही. पुढच्या भाद्रपदात नरसीच्या चौकात चार माणसं रस्त्याला पाठ करून डावा हात पसरून उभी दिसली तर ती गाडीला हात दाखवत नाहीत, तुमचा माग काढत आहेत.

तुम्ही येऊ नका असं मी लिहिणार नाही. तेवढा शहाणा मी आहे. तुम्ही आला नाहीत तर विष्णुपुरी भरत नाही, लिंबोटी भरत नाही, तुरीला शेवटचं पाणी मिळत नाही. या. जुलैच्या शेवटी एकदा, ऑगस्टात पोटभर दोनदा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा हलक्या पावलांनी. दसऱ्यापासून पुढं आमच्या शिवाराला तुमची गरज नाही, कृपया बस्तरमधूनच परत फिरा. तुम्ही हे ऐकणार नाही याची खात्री आहे, म्हणून आम्हीच आमचं तोंड पूर्वेला फिरवायचं ठरवलं आहे. यापुढं मुंबईत पाऊस आला म्हणून बियाण्याची पिशवी फुटणार नाही, आणि कलिंगपट्टणमची बातमी आली तर गंजी उघडी राहणार नाही. एवढं करूनही जे नुकसान होईल ते तुमच्या खात्यावर मांडू. पुढचा सगळा हिशेब आमच्या आणि आमच्या सरकारच्या खात्यावर.

कळावे, लोभ आटोक्यात असावा.

आपला,
नायगावचा एक कोरडवाहू

ता. क. : पुढच्या खेपेला वारा जरा वाढवून ताशी ६२ वर न्या आणि एखादं नाव घेऊन या. पंचनाम्याचा तो रकाना फार दिवस रिकामा आहे.

प्रत माहितीसाठी :
मा. जास्त दाब, हिवाळी कार्यालय सैबेरिया.
मा. एल निनो, प्रशांत महासागर. यांना वेगळं पत्र पाठवण्यात येत आहे.